साठ हजार डॉलरची पळवाट

एच-वन बी व्हिसावरून अमेरिकेत वाद पेटला की आपल्याकडच्या मथळ्यांना दोनच शब्द सुचतात: ‘भारतीयांना’ आणि ‘दणका’. १९ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा तो दणका होताही. घोषणा शुक्रवारी, अंमल रविवारपासून. सोमवारी घटस्थापना. सुट्टीवर घरी आलेल्यांना कंपन्यांचे मेल आले: असाल तिथून निघा आणि मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा. शुल्क दर वर्षी भरायचं असं वाणिज्यमंत्री सांगत होते. ते एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा व्हाइट हाऊसने केला तो दुसऱ्या दिवशी. तोवर अनेकांनी मिळेल त्या भावाला तिकिटं काढली होती.

धुरळा बसल्यावर ऑक्टोबरात आणखी खुलासा आला. अमेरिकेत शिकून तिथेच स्टुडंट व्हिसावरून एच-वनवर जाणाऱ्याला हे शुल्क नाही. म्हणजे पर्ड्यू विद्यापीठात एमएस केलेल्या मुलाला ते लागत नाही, पण तितक्याच हुशार आणि हिंजवडीत बसलेल्या मुलीसाठी कंपनीने नव्वद लाख रुपयांच्या आसपास मोजायचे. ती रक्कम कोण मोजणार? जिच्यासाठी कुणी मोजणार नाही, तिचं काम हिंजवडीतूनच करून घेतलं जाईल. अमेरिकी कामगाराच्या पदरात यातून काय पडलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

या वादात ‘अतिकुशल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. १९९० च्या कायद्यातून आलेल्या या व्हिसाला मुळात लागते ती त्या कामाशी संबंधित पदवी. दर वर्षी ६५ हजार जागा, अमेरिकी विद्यापीठांतल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार, आणि अर्ज कितीतरी पट, म्हणून सोडत. अमेरिकेतल्या एखाद्या ऑफिसात कॉफी मशीनशेजारी कधी एक कंटाळवाणा कागद चिकटवलेला दिसतो. कामाचं नाव, ठिकाण, कालावधी, देऊ केलेला पगार. एच-वनचा माणूस आणण्याआधी अशी नोटीस दहा दिवस लावावी लागते. ती कुणी वाचत नाही. पण या वादाचा निम्मा मजकूर त्या पगाराच्या आकड्यात आहे. सरकारने पगाराच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत आणि सर्वांत खालची पायरी सतराव्या शतमकावर आहे. म्हणजे त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभरांतल्या सुमारे त्र्याऐंशी जणांना त्याहून जास्त मिळतं. दुर्मिळ कौशल्याची ही किंमत असेल, तर ते दुर्मिळ कसलं?

दुसरा आकडा साठ हजारांचा. ज्या कंपन्यांचा डोलारा एच-वनवाल्यांवरच उभा आहे, त्यांच्यासाठी १९९८ मध्ये अट आली: स्थानिक माणसाला काढून त्याच्या जागी व्हिसावाला बसवायचा नाही. लगेच पळवाटही आली. व्हिसावाल्याला वर्षाला साठ हजार डॉलर पगार असेल, तर ही अट लागू नाही. तो आकडा आजही तिथेच आहे. नुसती महागाई धरली तरी तो एव्हाना जवळपास दुप्पट व्हायला हवा होता. २०१५ मध्ये ऑर्लँडोतल्या डिस्नीचे सुमारे अडीचशे कर्मचारी गाजले, ते याच व्यवस्थेमुळे. जागा जाणार हे कळल्यावर त्यांतल्या अनेकांनी शेवटचे महिने आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवण्यात घालवले. त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. तो शेजारी बसून शिकणाऱ्या भारतीय पोरावर निघाला, ही वड्याचं तेल वांग्यावरची गत.

कारण तो पोर स्वस्त पडतो तो भारतीय म्हणून नव्हे, सहज सुटता येत नाही म्हणून. नोकरी बदलता येते, पण नव्या कंपनीने पुन्हा अर्ज करायला हवा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. ग्रीन कार्डाची रांग वेगळीच: कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलँड असो की भारत. पदव्युत्तरांच्या ‘ईबी-टू’ वर्गात २०२५ अखेरीस भारतीयांचा क्रमांक २०१३ च्या अर्जांपर्यंत आला होता. लहानपणी तिकडे गेलेली मुलं या रांगेत एकविसाची होतात आणि आईबापांच्या अर्जातून गळतात. अशा माणसाने पगारवाढीसाठी साहेबाशी भांडावं ही अपेक्षाच चुकीची. त्याचं भांडण थांबलं की शेजारच्या अमेरिकनाचाही पगार तिथेच अडतो.

डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट हाऊसचे एआय सल्लागार म्हणून श्रीराम कृष्णन यांच्या झालेल्या नेमणुकीवरून ट्रम्प यांच्याच गोटात जुंपली. मस्क आणि रामस्वामी म्हणाले, जगातलं टॅलेंट हवंच. लोरा लूमर, स्टीव्ह बॅनन म्हणाले, अमेरिकनांच्या जागा गेल्या. तेव्हा मस्क यांची बाजू घेणाऱ्या ट्रम्प यांनीच नऊ महिन्यांनी एक लाखाचा आकडा लिहिला. या दंग्यात सिनेटर डर्बिन आणि ग्रासली यांचं नाव कुणी काढत नाही. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. २००७ पासून दोघं पगाराची अट कडक करणारं विधेयक पुन्हा पुन्हा मांडताहेत आणि ते पुढे सरकत नाही.

बॅननला नावं ठेवताना मराठी माणसाने जरा बेतानं ठेवावीत. साठच्या दशकात ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अमराठी साहेबांच्या याद्या छापून येत, आणि त्यातूनच १९६६ ची शिवसेना उभी राहिली. दाक्षिणात्य कारकुनांविरुद्धचा तो आवेश आपण भूमिपुत्रांचा हक्क म्हणून समजून घेतो. तोच सूर ओहायोतून आला की तो वंशद्वेष होतो. त्यात वंशद्वेष असतोही, पण त्याच्या पोटात नोकरीचं खरं दुखणंही असतं.

मला विचाराल तर शुल्कापेक्षा डिसेंबर २०२५ चा नियम निदान योग्य दिशेचा आहे: वरच्या पायरीच्या पगाराला सोडतीत चार चिठ्ठ्या, खालच्याला एक. नवख्या पदवीधरांना तो जाचेल, हे कबूल. ग्रीन कार्डाची रांग मात्र त्याने तसूभरही हलत नाही.

आणि दिल्ली? आपलं सरकार बहुतेक वेळा व्हिसाच्या संख्येवर बोलतं, कारण ती आयटी कंपन्यांची मागणी असते. मागे पडते ती पेन्शनची गोष्ट. एच-वनवरचा माणूस पहिल्या पगारापासून अमेरिकी सोशल सिक्युरिटीत भर घालतो. पेन्शनचा हक्क मिळतो साधारण दहा वर्षांच्या कामानंतर, आणि व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षांची. सहा वर्षांनी परत आलेल्याचे ते पैसे तिकडेच राहतात, कारण दोन्ही देशांमधला वर्षं जोडून धरण्याचा करार झालेला नाही. भारत ही मागणी अनेक वर्षं करतो आहे, पण ती बातम्यांच्या मथळ्यात येत नाही. वाटाघाटींच्या टेबलावर एकच गोष्ट मागायची मुभा असेल, तर जागा वाढवून मागण्याआधी मी हा करार मागेन.