‘तो माझ्याशिवाय राहतच नाही!’

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात एक चांगलं सहा पानी पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या एका मध्यम गावातल्या. ‘गावाचं नाव छापू नका’ असं त्यांनी दोनदा अधोरेखित करून बजावलं आहे, आणि ते का, हे पुढे तुमच्याही लक्षात येईल.

त्यांची पाच जणींची भिशी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. पैशाचं नुसतं निमित्त; खरं म्हणजे महिन्यातून दोन तास पाय पसरून बसायचं आणि मनातलं बोलायचं, एवढाच हेतू. चौघींची मुलं मोठी आहेत. पाचवीचा मुलगा साडेचार वर्षांचा. उशिरा झालेला, एकुलता एक. ती त्याला सगळीकडे आणते. भिशीला आणते, नाटकाला आणते, कोजागरीला गच्चीवर रात्री बारापर्यंत जागं ठेवते. एकीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हॉटेलात फक्त मोठ्यांचं जेवण ठरलं, फोनवर तसं स्पष्ट कळवलं, तरी बाई दारात उभ्या, कडेवर चिरंजीव! विचारलं की उत्तर ठरलेलं, “अगं, काय करू? तो माझ्याशिवाय राहतच नाही!”

आता यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. प्रत्येक मैत्रिणींच्या घोळक्यात अशी एक असतेच. खरी गोष्ट आहे पत्राच्या चौथ्या पानावर. त्या पाच जणींपैकी एकीच्या मिस्टरांची नोकरी गेली. घरात सासूबाई हृदयविकाराच्या, त्यांना सांगायची सोय नाही. म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि दिवसभर वाचनालयात बसतात. तीन महिने हे ओझं त्या माउलीनं एकटीनं वाहिलं आणि शेवटी भिशीत मन मोकळं केलं. मुलगा कोपऱ्यात मोटार फिरवत होता. त्याला काय कळतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. पुढे गणपतीत आरतीला सगळे जमले असताना त्यानं त्या आजींना निरागसपणे विचारलं, “आजी, काका डबा वाचनालयातच खातात का?”

त्या दिवसापासून ती मैत्रीण भिशीला आलेली नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगते. आणि मुलाची आई म्हणते, “लहान मूल ते, त्याचं काय मनावर घ्यायचं!” पत्र लिहिणाऱ्या बाई विचारतात, ‘आता मी काय करू? एकीला बोलावलं तर दुसरी येत नाही. आणि हिला मूल आणू नकोस म्हणावं, तर हीही कायमची तुटेल.’

प्रथम त्या मुलाला यातून मोकळं करू या. त्याचा काडीचाही दोष नाही. चार-साडेचार वर्षांचं मूल खेळत असतं तेव्हाही त्याचे कान उघडेच असतात. मोठी माणसं आवाज खाली आणून बोलू लागली, की त्याचं लक्ष उलट जास्त जातं. ऐकलेलं लक्षात राहण्याचं ते वय आहे, पण ‘हे बाहेर बोलायचं नाही’ ही समज यायला अजून अवकाश आहे. तेव्हा त्याला दटावून उपयोग नाही, आणि ‘कुणाला सांगू नकोस हं’ असं बजावून तर मुळीच नाही. मोठ्यांची गुपितं पोटात ठेवायचं काम मुलांवर टाकू नये. ज्या बोलण्याला मूल ऐकायला नको, तिथे मूल असता कामा नये, एवढाच याचा अर्थ.

आता आईकडे वळू. पत्रात एक ओळ अशी आहे, जी लिहिणाऱ्या बाईंनी सहज म्हणून लिहून टाकली आहे. ‘बालवाडीत मात्र तीन तास छान राहतो.’ वाचलंत ना? म्हणजे तो आईशिवाय राहतो! साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई दृष्टीआड होताच मूल रडू लागतं, वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास ते फार होतं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांत ओसरतं. हा साडेचार वर्षांचा मुलगा रोज सकाळी बाईंना नमस्कार करून वर्गात जातो. मग दुसऱ्या शनिवारीच याला आईवाचून दोन तास जात नाहीत, हे कसं?

‘मूल राहत नाही’ या वाक्याचा पुष्कळ घरांत खरा अर्थ ‘मुलाला ठेवून घेणारं कोणी नाही’ असा असतो. नवरा दुकानातून नऊला येतो, किंवा सहालाच येतो पण ‘मला ते सांभाळणं जमत नाही’ म्हणून वर्तमानपत्र उघडतो. (मोटारसायकलचं इंजिन सुटं करून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला चार वर्षांच्या मुलाला वरणभात भरवणं जमत नाही, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.) सासूबाई ‘ठेव ना’ म्हणतात, आणि आल्यावर ‘तुझं फिरणं झालं का?’ असंही म्हणतात. आणखी एक गोष्ट आहे, जी बायका एकमेकींतही क्वचित बोलतात. आपल्याकडे बाईनं एकटीनं, केवळ स्वतःच्या मौजेसाठी बाहेर पडणं अजूनही घराला खटकतं. पोराला घेऊन गेली, की मग ती मौजेला गेली असं होत नाही. ‘मुलाला जरा फिरवून आणलं’ असं होतं. मूल हा तिचा बाहेर पडायचा परवाना असतो. असा परवाना तुम्ही तिच्या हातून काढून घेतलात, तर ती मुलाला घरी ठेवून येणार नाही. ती यायचीच बंद होईल.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं सांगणं असं, की ‘आणू नकोस’ म्हणण्याआधी ‘ठेवायचं झालं तर कुठे ठेवशील?’ हे विचारा. आणि हे पाच जणींत विचारू नका. फोनवर नको, त्या व्हॉट्सॲपच्या गटावर तर नकोच. तिथे लिहिलेला साधा शब्दही चार जणी चार स्वरांत वाचतात. एखाद्या दुपारी मुलगा बालवाडीत असताना तिच्या घरी जा. बोलताना मुलाची तक्रार करू नका. आईला मुलाबद्दल ऐकवलं की ती पुढचं काही ऐकतच नाही. “तुझ्याशी गेल्या दोन वर्षांत धड दहा मिनिटं बोलणं झालेलं नाही. तू अर्धी आमच्यात आणि अर्धी त्याच्या दुधात. मला तू हवी आहेस” असं म्हणा. हे खरंही आहे. मग गणपतीतली गोष्ट सरळ सांगा, आडपडदा न ठेवता. तिनं ‘लहान मूल ते’ म्हटलं, तर एवढंच म्हणा, “हो ना, लहान आहे म्हणूनच. त्याच्यासमोर आम्हाला बोलता येत नाही.”

तिच्या घरी खरंच कोणी नसेल, तर वाट काढायची जबाबदारी चौघींचीही आहे. चौघींची मुलं मोठी आहेत ना? एखादीच्या कॉलेजातल्या मुलीनं शनिवारी दोन तास त्याच्याशी पत्ते खेळायला काय हरकत आहे? किंवा एक महिना भिशी सकाळी त्याच्या बालवाडीच्या वेळात ठेवा, आणि एक महिना बागेत, मुलासकट. बागेत काय बोलायचं नाही, हे मग सगळ्यांनाच ठाऊक असेल.

मूल मागे ठेवायची सवय कशी लावायची, तेही सांगते, कारण या बाबतीत आपण एक ठरावीक घोळ घालतो. मुलाचं लक्ष नाही असं पाहून मागच्या दारानं निसटतो! त्यामुळे मूल जास्तच चिकटतं, कारण आई कधी नाहीशी होईल याचा त्याला भरवसा उरत नाही. त्याला सांगून, टाटा करून, न रेंगाळता निघा. रडला तरी निघा. पहिल्यांदा अर्धाच तास जा. ‘सात वाजता येते’ हे त्याला कळत नाही. ‘बाबांनी गोष्ट सांगून तुझं जेवण झालं की येते’ हे कळतं. आणि सांगितलं तेव्हा या. बाबांना पहिल्या दिवशी दहा सूचनांची यादी देऊन जाऊ नका आणि आल्याआल्या ‘हे काय, शर्ट उलटाच घातलाय!’ म्हणू नका. शर्ट उलटा घातल्यानं मुलाला काही होत नाही.

नाटक-सिनेमाची गोष्ट निराळी, कारण तिथे प्रश्न आपल्या चौघींचा नसून सगळ्या प्रेक्षागृहाचा असतो. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत चालू आहे, श्वास रोखून सगळे ऐकताहेत, आणि पाचव्या रांगेतून आवाज येतो, “आई, ती बाई का रडते? आई, शू!” त्या प्रसंगी मूल चूक करत नसतं, त्याला कंटाळा आलेला असतो. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी मागे काचेची खोली असते, तिची चौकशी तिकीट काढतानाच करा. नसेल आणि मूल न्यावंच लागलं, तर रांगेच्या कडेची खुर्ची घ्या आणि पहिल्या कुरबुरीला उठा. ‘आत्ता थांबेल’ म्हणत दहा मिनिटं थोपटत बसू नका. हातात मोबाईल देऊन गप्प करणं हा तर उपाय नव्हेच. त्या उजेडानं मागच्या तीन रांगांचं नाटक जातं. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र असेल, तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, आई बरोबर असली तरी. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनंतर ‘यूए’ मध्येही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत. पोस्टरवर तो आकडा पाहायची सवय लावून घ्या. एस्टीत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, म्हणून सगळीकडेच आपलं मूल हिशेबात धरलं जात नाही असं नव्हे!

त्यापेक्षा मुलाला त्याचं स्वतःचं नाटक दाखवा. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ काढलं, ते मुलांनाही त्यांची रंगभूमी हवी म्हणूनच. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा आलं, तेव्हा आज्या नातवंडांना घेऊन गेल्या. चेटकीण आली की तिथे हवं तेवढं ओरडा.

‘आमच्या वेळी मुलं सगळीकडे असायची’ असं एखादी आजी म्हणेल, आणि ते खरं आहे. कीर्तनाला, रात्रभराच्या गाण्याला मुलं यायची आणि सतरंजीवर झोपून जायची. पण तिथे त्यांच्यावर पांघरूण घालणाऱ्या दहा जणी असत, एकट्या आईवर भार नसे. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाल्यामुळे रात्रभराची मैफल दुर्मीळच झाली. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून दहा ते तेरा तास झोप लागते. कोजागरीचं दूध बारा वाजता पाजून सकाळी बालवाडीला उठवलेल्या मुलाचा दुसरा दिवस कसा जातो, हे त्याच्या बाईंना विचारा.

मात्र याचं दुसरं टोकही नको. हळदीकुंकू, भोंडला, डोहाळजेवण, मंगळागौर इथे मुलं हवीतच. हल्ली काही हळदीकुंकवाच्या निरोपातसुद्धा ‘मुलांना आणू नये’ असं लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. तिळगूळ घ्यायला मूल नाही, तर कोण? बोलावणाऱ्या बाईनं कार्यक्रम कसला आहे ते स्पष्ट सांगावं, आणि नियम सगळ्यांना एक असावा. एकीच्या मुलाला नको आणि नणंदेची दोन चालतात, असं झालं की मग भांडणाला तोंड फुटतंच.

राहिली ती गुडघा दुखणारी. पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुम्ही मुलाच्या आईकडे जायच्या आधी तिच्याकडे जा. पाचही जणींनी मिळून नको, तुम्ही एकट्या. घरात सासूबाई असतील, म्हणून तिला बाहेर काढा. भाजी आणायला म्हणा, देवळात म्हणा. ‘मुलाचं काय मनावर घेतेस’ हे वाक्य तिच्यापाशी उच्चारू नका. सासूबाईंना आता किती कळलं आहे आणि त्यांची तब्येत कशी आहे, ते आधी विचारा. तिच्या मिस्टरांच्या नोकरीचं कुठे काही होण्यासारखं असेल, तुमच्या यजमानांच्या ओळखीत कुठे जागा असेल, तर तेही बोलून घ्या. आणि पुढची भिशी केव्हा, कुणाकडे, सकाळी की संध्याकाळी, हे तिला ठरवू द्या. ती म्हणेल त्या दिवशी मुलाला दोन तास कुणी सांभाळायचं, ते तुम्ही चौघी बघा.