दौंडच्या पुढचे केडगाव

यंदाच्या अंकाचा विषय ‘शिकत राहणे’ आहे असे कळल्यावर नवी पेठेतल्या एका कापडदुकानदाराने जाहिरातीचा मजकूर हातात ठेवत विचारले, “यात धंद्याच्या उपयोगाचं काही आहे का?” दिवाळीच्या गर्दीत प्रश्न रास्तच होता. पण या विषयाची सुरुवात आम्हाला बाजारात नव्हे, रेल्वेच्या वाटेवर सापडली.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचा मुक्ती मिशन आश्रम इथलाच. आपण मात्र त्या सुमारास सामान आवरायच्या नादात असतो.

रमाबाईंचे संस्कृत आईवडिलांच्या तोंडून आलेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तेव्हा त्या विशीच्या होत्या. एवढ्या भांडवलावर जन्म सहज निघाला असता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला, तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात एकीकडे संस्कृत शिकवू लागल्या आणि दुसरीकडे स्वतः गणित व विज्ञान शिकू लागल्या.

त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे धर्मांतर म्हणजे वादाचा शेवट, असे दोन्ही बाजूंना वाटते. बाईंचा वाद तिथून सुरू झाला. त्र्यैक्याचा सिद्धांत पटेना, चर्चचा अधिकार पटेना. धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डाइनशी त्यांनी पत्रातून हुज्जत घातली ती शिष्येच्या नम्रतेने नव्हे, बरोबरीच्या नात्याने. श्रद्धा म्हणजे शंकांना रजा, हे त्यांनी कधी मानले नाही. त्यांच्या चरित्रातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. सत्कारसमारंभांतून तो नेमका गाळला जातो.

पुढे पन्नाशीच्या आसपास, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबाळींचा संसार अंगावर असताना, त्या बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मराठी बायबल होतेच. पण त्यातली भाषा साध्या बाईला जड जाते, असे त्यांचे मत होते. दुसऱ्याच्या भाषांतरावरून भाषांतर करण्यापेक्षा मूळ वाचावे, हा शास्त्र्याच्या मुलीचा बाणा. छापखाना आश्रमातच, खिळे जुळवायला तिथल्याच बायका शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले.

लक्ष्मीबाई टिळकांचीही जात हीच. लग्नानंतर अक्षरे गिरवणारी ही बाई नवऱ्याच्या धर्मांतराशी वर्षानुवर्षे भांडली. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. नवऱ्यामागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिनेच पुढे नेले.

आज बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीची प्रत वाचली जाते, रमाबाईंची क्वचितच. एवढी मेहनत वाया गेली काय, असे कोणी विचारील. खपावरून हिशेब करायचा तर दिवाळी अंकवाल्यांनी बोलूच नये!

या अंकात सत्तरीला कीर्तन शिकणारे आजोबा आहेत आणि नातीकडून संगणक शिकणाऱ्या आजीबाईही. जाहिरातीचे पान शेवटून तिसरे आहे. दुकानदारांनी ते वाचायच्या आधी बाकीचा अंकही चाळावा.