विश्लेषण : बाहेर पारा चाळिशीपार, पण क्रीमच्या डबीत पारा नको! मॉइश्चरायझर, फेस मास्क कसे निवडावेत?

सोलापूरचा उन्हाळा नवा नाही. पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी होते आणि चेहरा ओढल्यासारखा वाटू लागतो. हिवाळ्यात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ओठ आणि टाचा फुटतात. मग मॉइश्चरायझर आणि फेस मास्कची शोधाशोध सुरू होते. पण अनेकांची गाडी ‘त्वचा मऊ करण्या’वरून ‘सात दिवसांत उजळ करण्या’वर कधी जाते, हे त्यांनाही कळत नाही. खरा धोका तिथेच आहे.

त्वचा कोरडी का पडते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा त्यांच्यामधला गिलावा. गिलावा शाबूत असला की शरीरातले पाणी आत राहते. कोरडी हवा, कडकडीत गरम पाणी, बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि दिवसातून चार-पाच वेळा साबण यांमुळे तो निघून जातो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात असलेल्या सोलापुरात पावसाळ्याचे काही महिने सोडले, तर हवेत ओलावा कमीच असतो. त्यामुळे इथे मॉइश्चरायझर ही चैन नाही, गरज आहे.

मॉइश्चरायझर नेमके काय करते?

त्यातले घटक तीन प्रकारचे असतात. ग्लिसरीन, युरिया, हायलुरोनिक ॲसिड हे पाणी धरून ठेवतात. सेरामाइड आणि काही तेले पेशींमधल्या फटी भरतात. पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन हे वरून झाकण घालतात. हवा फार कोरडी असेल, तर नुसते ग्लिसरीन पुरत नाही. ते त्वचेच्या आतल्या थरातूनच पाणी ओढू शकते. म्हणून त्यावर झाकण घालणारा घटक हवा.

वेळही महत्त्वाची. अंघोळीनंतर चेहरा टिपून घ्यावा आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत क्रीम लावावे. तेलकट त्वचेला जेल किंवा हलके लोशन, कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागत नाही, हा समज चुकीचा आहे. आणि दिवसा बाहेर पडताना त्यावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन हवे.

फेस मास्क किती गरजेचा?

मास्क हा नित्यक्रमाचा कणा नाही, ती अधूनमधूनची जोड आहे. मुलतानी माती तेल शोषते. त्यामुळे तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, १० ते १५ मिनिटे पुरे. ती सुकून तडकेपर्यंत ठेवली, तर नको इतकी कोरड पडते. कोरड्या त्वचेने एप्रिल-मेमध्ये ती टाळलेलीच बरी. शीट मास्कने चेहरा तात्पुरता टवटवीत दिसतो, पण वर मॉइश्चरायझर लावले नाही तर तो ओलावा उडून जातो.

घरगुती म्हणजे निर्धोक, असेही नाही. त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे सौम्य आम्लधर्मी असतो. लिंबाचा रस त्याहून कितीतरी आम्लधर्मी, तर खायचा सोडा अल्कधर्मी. दोन्ही त्वचेचा गिलावा बिघडवतात. लिंबू लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डागही पडू शकतात.

मग पाऱ्याचा संबंध काय?

अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे समोर आले. तिघी एकच त्वचा उजळवणारे क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण जास्त असल्याचे आढळले. केरळमधील डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली आहे.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखतो. म्हणून काही दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि क्रीम ‘लागू पडले’ असे वाटते. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. मग लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार डोळ्यांभोवतीची उत्पादने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्यावरील मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत तर पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्ण बंद करण्याचे ठरले. भारत या करारात सहभागी आहे.

स्टेरॉइडचे काय?

दुसरा छुपा शत्रू म्हणजे स्टेरॉइड असलेली मलमे. ती औषधे आहेत, प्रसाधने नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने अशा १४ मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या ‘शेड्यूल एच’ यादीत आणले. तरीही ‘मैत्रिणीने सांगितले’ म्हणून ती चेहऱ्यावर लावली जातात. त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमे येतात आणि मलम थांबवले की त्रास उसळतो.

डबी घेताना काय पाहाल?

– उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी. आयात केलेल्या डबीवर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक.
– ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ हे शब्द दिसले तर डबी परत ठेवा.
– ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नका’ अशी सूचना असेल तर सावध व्हा. पारा सोन्याशी मिसळतो, म्हणून ती लिहिलेली असू शकते.
– नवे उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा.
– त्रास झाला तर वापर थांबवा. डबी फेकू नका. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा.

प्रश्न फक्त ग्राहकाचा नाही

नियम कागदावर चोख आहेत. पण बिनलेबलची डबी पार्लरच्या टेबलावरून किंवा मोबाइलवरच्या रीलमधून थेट घरात येते, तेव्हा ती तपासणार कोण? अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या बाजारापर्यंत जाऊन नमुने घ्यायला हवेत आणि त्यांचे निकाल लोकांना कळतील असे जाहीर करायला हवेत. मूत्रपिंड निकामी झाल्यावर निघणारा अहवाल त्या रुग्णाच्या कामाचा नसतो.

आणि एक प्रश्न घरातला. लग्न ठरताना ‘मुलगी गोरी आहे ना?’ असे विचारले जाते, तोवर अशा डब्यांना गिऱ्हाईक मिळत राहील. सोलापूरच्या उन्हात सावळा झालेला चेहरा हा आजार नाही. त्याला हवा असतो तो ओलावा. त्यासाठी ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेलीची साधी, लेबल असलेली डबी बहुतेकांना पुरेशी असते.