नभोवाणीचें बांधलेलें तोंड

मुंबईची नभोवाणी १९२७ सालीं बोलूं लागली, नागपूरची १९४८ सालीं. खामगांवासारख्या कापसाच्या पेठेनें मात्र पिढ्यान्‌पिढ्या केवळ ऐकावयाचें! १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ति ठरविली. २००६ च्या सरकारी धोरणानें सामाजिक संस्थांस लहान केंद्रें चालविण्याची मुभा दिली, आणि २००८ सालीं सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. परंतु त्याच धोरणाची अट अशी कीं, या केंद्रांनीं स्वतःच्या बातम्या देऊं नयेत.

म्हणजे खामगांवांत असें केंद्र चाललें, तर त्यानें कपाशीवरील किडीचा उपाय सांगावा, आणि बाजार समितीच्या कारभाराविषयीं मौन पाळावें! गांवचें चार पानी साप्ताहिक तोच कारभार खुशाल छापतें. मग छापील अक्षरास जें स्वातंत्र्य, तें उच्चारलेल्या शब्दास कां नसावें? अफवा पसरतील, असें कोणी म्हणेल. पण अफवेस धनी नसतो; केंद्रास असतो, आणि त्याचा परवानाहि काढून घेतां येतो. ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्याच कानांवर ही बंदी बसते. ती उठलीच पाहिजे.