शस्त्रावरचा कर राहू द्या, तिजोरीवरचा उतरवा : चेन्नईतील मराठी शस्त्रपरवानाधारकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, जीएसटी परिषद, नवी दिल्ली
मा. अर्थमंत्री, तामिळनाडू शासन
मा. पोलीस आयुक्त, चेन्नई महानगर

विषय : परवान्याचे शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्यासाठी घेतलेल्या पोलादी कपाटावर करसवलत मिळणेबाबत.

सविनय निवेदन,

चेन्नईत स्थायिक झालेले आम्ही मराठी परवानाधारक. सौकारपेटेत सोने-चांदी आटवणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक आमच्यात आहेत, निवृत्त जवान आहेत, नेमबाजीचा सराव करणारी मुले-मुलीही आहेत. कर कमी करा म्हणणाऱ्यांची आपल्या दारात रीघ असते, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चाळीस टक्के राहू द्यात. आमचे म्हणणे त्या शस्त्राला कुलूप घालणाऱ्या कपाटाबद्दल आहे. त्यावर आजही 18 टक्के कर आहे.

शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याखालच्या 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र अर्जदाराकडून लिहून घेतात. परवान्याची अट मोडली तर कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांनाही शिक्षेच्या कक्षेत आणले. हे सगळे योग्यच आहे. पण हमीपत्रावर सही झाली की ते कागद फाइलमध्ये जातात. पोलिसांनी घरी येऊन कपाट पाहिले, असा आमच्यातल्या कोणाचा अनुभव नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत पिस्तूल कपड्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली असते, काडतुसे त्याच खणात आणि किल्ली देवघरात. घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही ती जागा ठाऊक असते. शिक्षेची भीती अपघात झाल्यावर कामाला येते, आधी नाही.

गलाईवाल्याची अडचण आणखी वेगळी. सौकारपेटेत खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड, अशी घरे पुष्कळ. गावाकडून आलेली मुले तिथेच काम शिकतात, तिथेच झोपतात. सोने बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ शकते. शस्त्र जाऊ शकत नाही, लॉकरच्या करारातच त्याला मनाई असते. दुकानासाठी तिजोरी घेतली तर तिच्यावरचा जीएसटी व्यवसायाच्या हिशेबात वळता करून मिळतो, घसाराही मिळतो. पण परवाना माणसाच्या नावावर असतो, पेढीच्या नव्हे. घरातल्या शस्त्रासाठी घेतलेल्या कपाटावरचा कर म्हणून पूर्णच भरावा लागतो. सोने सांभाळायला सवलत आणि पिस्तूल सांभाळायला नाही, हा उफराटा हिशेब आहे.

चेन्नईत एक प्रश्न असा आहे जो पुण्या-सांगलीत सहसा कोणाच्या मनात येणार नाही. डिसेंबर 2015 च्या पुरात कोट्टूरपुरम, सैदापेट, मुडिचूरमध्ये लोक होड्यांतून बाहेर पडले. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळात वेलचेरी, पल्लिकरणै पुन्हा पाण्याखाली गेले. तळमजल्यावर राहणाऱ्याने अशा वेळी बंदूक घेऊन होडीत बसायचे की ती मागे सोडायची? घेऊन निघाला तर गर्दीत भरल्या हाताने उभा, सोडली तर उघड्या घरात बेवारस. भिंतीत वरच्या बाजूला बोल्टने पक्के केलेले, चांगल्या कुलुपाचे कपाट असेल तर हा पेच उरत नाही. त्यातच समुद्राची खारी हवा. साध्या पत्र्याच्या पेटीला इथे दोन पावसाळ्यांत गंज धरतो. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू द्यायला घरमालक तयार नसतो, हेही आहेच. तो प्रश्न कराने सुटणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

आता सवलत कोणत्या वाटेने द्यावी? प्राप्तिकरात वजावट द्या, असे म्हणणे सोपे होते. पण नवी करप्रणाली आता मूळ प्रणाली झाली आहे आणि तीत अशा बहुतेक वजावटींना जागा नाही. ती सवलत कागदावरच राहील. म्हणून जीएसटीचीच वाट धरावी. परिषदेने शस्त्रासाठी प्रमाणित केलेल्या कपाटांना 5 टक्क्यांच्या टप्प्यात आणावे. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने तिजोऱ्यांच्या आयएस 550 या मानकाच्या आधारे घरगुती शस्त्रकपाटाचे सुटसुटीत मानक ठरवावे, नाहीतर प्रत्येक लोखंडी पेटी शस्त्रकपाट म्हणून विकली जाईल.

परिषदेला वेळ लागेल. तामिळनाडूने तोवर थांबायचे कारण नाही. 18 टक्क्यांतले 9 टक्के राज्याचे आहेत. समजा कपाट 40,000 रुपयांचे. कर 7,200, त्यातले 3,600 राज्याच्या तिजोरीत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बिल आणि कपाट बसवल्याचा पोलिसांचा शेरा दाखवला की राज्याने ते 3,600 परत करावेत. शस्त्रधारकाचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर राष्ट्रीय नोंदीत असतोच, त्यामुळे एका परवान्यावर दोनदा पैसे घेणे कोणाला जमणार नाही. नूतनीकरण पाच वर्षांनी एकदा. खर्चही त्याच बेताने पसरेल.

चांगल्या वागण्याला पैशाची जोड द्यायची ही रीत चेन्नईला परकी नाही. सहामाहीच्या पहिल्या महिन्यात मालमत्ता कर भरला तर महापालिका 5 टक्के, जास्तीत जास्त 5,000 रुपये सोडते. नामांकित नेमबाजांना शस्त्रे आणि काडतुसे आयात करताना सीमाशुल्कात सूट आहे. पॅरिसमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले, तशी आणखी पदके यावीत म्हणून ही सूट हवीच. पण काडतुसाला सूट आणि काडतुसाच्या पेटीला नाही, हे आमच्या गळी उतरत नाही. अमेरिकेत, जिथे बंदुकीवर बोलणेच अवघड, तिथेही न्यू जर्सी राज्यात शस्त्राच्या तिजोरीवर विक्रीकर नाही आणि व्हर्जिनियाने 2023 मध्ये अशा साधनांसाठी 300 डॉलरपर्यंत करसूट मंजूर केली. ब्रिटनमध्ये पोलीस आधी कपाट पाहतात, मग बंदुकीचा दाखला देतात. आम्हाला अमेरिकेची सवलत आणि ब्रिटनची तपासणी, दोन्ही एकदम हवी आहेत. तपासणीशिवाय सवलत मागणे लबाडीचे होईल.

बंदूक बाळगणाऱ्या सुखवस्तू माणसाला सरकारने पैसे का द्यावेत, असा आक्षेप येईल. या सवलतीचा फायदा बंदूकवाल्याला कमी आणि त्याच्या घरातल्या मुलांना, कामगारांना, शेजाऱ्यांना अधिक आहे, हे आमचे उत्तर. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला यातले काहीही मिळू नये.

एक जोडमागणी निवडणुकीच्या काळासाठी. 2024 च्या लोकसभेच्या वेळी आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितले त्यांची शस्त्रे तेवढे दिवस पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे पडून राहिली. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, प्रत्येकाची छाननी व्हावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच म्हटले आहे. ही छाननी करणाऱ्या समितीने प्रमाणित कपाटाची नोंद विचारात घ्यावी. ज्यांना शस्त्र विक्रेत्याकडे ठेवावेच लागते, त्यांच्या ठेवणावळीवरचा जीएसटीही उतरवावा.

जीएसटी परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तामिळनाडू शासनाने आपल्या 9 टक्क्यांचा निर्णय त्याआधी करावा, ही विनंती. तपासणीसाठी पोलीस आयुक्तालयाने दिवस कळवावा. आमची कपाटे उघडून दाखवायला आम्ही तयार आहोत.

आपले विश्वासू,
चेन्नईतील मराठी शस्त्रपरवानाधारक