अमावास्येची पौर्णिमा कोणी केली?

माघ सरून फाल्गुन लागला की मुरगावच्या खाडीवर वाऱ्याचा क्रम ठरून जातो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि होड्या सहज बाहेर पडतात. दुपार कलली की वायव्येचा वारा उठून पाणी खवळते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने फुगलेली जुवारी आता रोडावलेली असते व समुद्राचे खारे पाणी तिच्या पात्रात दूरवर शिरते. मासळीची ये-जा या खारेपणावर आणि भरती-ओहोटीवर अवलंबून असते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या ओहोटीला बायका तिसऱ्या काढावयास चिखलात उतरतात आणि पाणी फिरले की पागी आपला पागेर फेकतो.

महाशिवरात्र अमावास्येला लागून येते, शिमगा पौर्णिमेला. दोन्ही सण उधाणाचे. त्यातही विषुवदिन जवळ असल्यामुळे फाल्गुनातील उधाण वर्षातील मोठ्या उधाणांपैकी असते. सारांश, देवळातील पुरोहित आणि होडीवरील खारवी एकाच पंचांगावर चालतात. फरक इतकाच की, आम्ही तिथी वाचतो आणि तो ती जगतो.

हे पंचांग आज कोणी खोटे पाडले असेल, तर ते एलईडी दिव्याने. काळोख्या रात्री पाण्यात उठणाऱ्या लकाकीवरून बांगड्या-तारल्यांचा थवा ओळखणे ही आमच्या मच्छीमारांची पिढीजात विद्या. प्रखर दिव्यांच्या बोटी समुद्रात अमावास्येची पौर्णिमा करतात, उजेडाला भुललेली मासळी लहानमोठी न पाहता गोळा करतात, आणि किनाऱ्याकडच्या रांपणकाराच्या वाट्याला रिकामे जाळे येते. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 रोजी अशा मासेमारीवर बंदी घातली. तथापि पारंपरिक मच्छीमारांची तक्रार त्यानंतरही थांबलेली नाही. यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून दूर ठेवण्यासाठी 1970 च्या दशकात रांपणकारांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. कायदा करून घेण्यासाठी एकदा झगडायचे आणि तो पाळला जावा म्हणून जन्मभर झगडायचे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणतील, दिव्याच्या बोटीवरील माणसालाही पोट आहे. आहे खरे. पण जो आज बोटाएवढा बांगडा ओढतो, तो पुढील वर्षीचे स्वतःचेच ताट पालथे घालतो. जून-जुलैचे 61 दिवस समुद्राला विश्रांती द्यायची आणि उरलेले दहा महिने त्याची रात्रसुद्धा हिरावून घ्यायची, याला संयम म्हणत नाहीत.

आणखी कोणी विचारतील, देवळाच्या मंडळींनी या बाजाराच्या भांडणात कशाला पडावे? त्यांना आम्ही वास्कोच्या श्री दामोदराच्या सप्ताहाची आठवण देतो. 1899 च्या सुमारास साथीच्या संकटात सुरू झालेल्या त्या अखंड भजनात खारवी समाजाचाही पार असतो. त्यांचा पार आम्हांला हवा, नारळी पौर्णिमेचा त्यांचा नारळ हवा, सोमवारचा उपास सोडल्यावर मंगळवारी त्यांचा बांगडाही हवा. मात्र त्यांच्यावर संकट आले की तो 'त्यांचा प्रश्न' होतो. ही कृतघ्नता होय. वर महागाईचा दोष मासे विकणाऱ्या बाईच्या माथी मारून आम्ही मोकळे होतो!

आमचे म्हणणे थोडके आहे. देवस्थानांच्या समित्यांनी बंदीच्या अंमलबजावणीची मागणी आपल्या नावाने सरकारकडे करावी. महाजनांच्या सभेत मच्छीमारांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. आणि आपण प्रत्येकाने टोपलीतील कोवळी मासळी विकत घेण्याचे नाकारावे. शिवरात्रीची रात्र आम्ही जागवतो ती काळोखाला भिऊन नव्हे, त्याचा मान राखण्यासाठी. तोच मान खाडीवरील काळोखालाही मिळाला पाहिजे.