रॉड घट्ट बांधला, माणसाचं काय?

सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर. पूर्णा आणि पैनगंगेवरच्या या तीन धरणांच्या पाण्यावर आपल्या भागातली कितीतरी भोई कुटुंबं जगतात. त्या पाण्यात आता एक नवी हौस उतरली आहे. रॉड-रील घेऊन शहरातली पोरं येतात, होडी दिवसभरासाठी ठरवतात, मागं छोटं इंजिन लावतात आणि चालत्या होडीमागं नकली मासोळी ओढत नेतात. याला ट्रोलिंग म्हणतात. (मोबाईलवरच्या ट्रोलिंगपेक्षा हे कधीही बरं.)

हौसेला माझा विरोध नाही. होडीवाल्याला जाळ्याबाहेरचे चार पैसे मिळत असतील तर लई चांगलं. पण तो रॉड होडीला कसा बसवतात, ते एकदा बघा. पीव्हीसी पाइपचा तुकडा, बायंडिंगची तार, फार तर दोन स्क्रू. आपल्याकडच्या उन्हात तो पाइप ठिसूळ होतो आणि फायबरच्या पातळ कडेतला स्क्रू एका झटक्यात उपटून येतो. बरं, झटका कटल्याचाच असतो असंही नाही. धरणाच्या पोटात बुडालेली खोडं आहेत, जुने बांध आहेत. गळ खोडात अडकला आणि इंजिन चालूच राहिलं, तर सगळा ताण होल्डरवर येतो. होल्डर टिकला तर होडीच्या एका कडेवर. आणि तेवढ्यात रॉड वाचवायला तिघंही त्याच कडेला धावतात!

नीट करायचं म्हटलं तर काम तासाभराचं आहे. स्क्रू नको, आरपार बोल्ट पाहिजे. आतून लाकडी फळी नाहीतर जाड पट्टी, वर लॉकनट. बाजूचे रॉड बाहेरच्या अंगाला झुकलेले ठेवा, म्हणजे दोऱ्या एकमेकीत गुंतत नाहीत. कोन बदलणारा होल्डर असेल तर त्याचे दात बसलेत का, हे काठावरच हातानं ओढून बघा. रीलचा ब्रेक इतकाच आवळा की जोराचा ताण आला तर दोरी सुटली पाहिजे. गळ अडकला की आधी इंजिन बंद, मग रॉडला हात. आणि रॉडची सुरक्षा-दोरी होडीला बांधा, मनगटाला नाही.

आता मुद्द्याचं. हजारोंचा रॉड असा दोन-दोन ठिकाणी बांधतात, पण होडी वल्हवणाऱ्या माणसाच्या अंगावर लाइफ जॅकेट नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पोहता येतंय की." डोक्याला होडीची कड लागली, पाय जाळ्यात गुंतला, तर पोहणं काय कामाचं?

एप्रिल 2025 मध्ये राज्यानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. 2020 पासूनच्या मत्स्यसंपदा योजनेत नोंदणी केलेल्या मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी 5 लाखांचा विमा आहे, हप्ता सरकार भरतं. चांगलंच आहे. पण विमा माणूस गेल्यावर घरी येतो, जॅकेट माणसाला घरी आणतं.

जिल्हा प्रशासनानं एवढंच करावं: जॅकेटशिवाय हौशी माणूस होडीत बसणार नाही, आणि पहिलं जॅकेट होडीवाल्याला. मच्छीमार संस्थांनी होडीमागं किती माणसं, हे काठावर मोठ्या अक्षरात रंगवून ठेवावं. हौशी मंडळींनो, दिवसाचं भाडं ठरवताना घासाघीस करता ना? त्यात एका जॅकेटचे पैसे वाढवून द्या. आणि कुणाच्या संस्थेत जॅकेटं आधीच वाटली असतील तर मला कळवा, त्यांचं नाव पुढच्या पोस्टमध्ये आनंदानं टाकतो.